कोळशाच्या डोंगरातला रस्ता सुधारायचाय? आधी एक रात्र गायमुखला उभे रहा

दरवर्षी दिवाळीनंतर मला दोन-तीन फोन ठरलेले. पोरं असतात, कोण कळव्याचं, कोण ऐरोलीचं, सिव्हिल करून कन्सल्टंटकडे लागलेली आणि पहिलीच मोठी साइट मिळते ती थेट मेघालयात नाहीतर झारखंडात, कोळशाच्या पट्ट्यातला डोंगरातला रस्ता, काम काय तर "अपग्रेडेशन". सर काय काय बघू, सर काय नेऊ. प्रत्येकाला फोनवर तेच सांगून घसा बसतो म्हणून यावेळी लिहूनच काढतोय, आता फोन आला की हेच पाठवणार. पंचवीस वर्षं बेलापूरला बसून डीपीआर, म्हणजे रस्त्यांचे सविस्तर प्रकल्प अहवाल, लिहिले आणि मग त्याच रस्त्यांवर जाऊन ते कुठे चुकले ते पण बघितलं, त्यात माझे स्वतःचे पण आहेत, लपवत नाही.

अपग्रेड म्हटलं की सगळ्यांच्या डोक्यात पहिलं काय येतं तर रुंदीकरण. डोंगर कापा, दोनाचे चार पदर करा, फोटो काढा. पण कोळशाच्या डोंगरात रुंदी सगळ्यात शेवटी बघायची गोष्ट आहे. आधी वजन बघायचं, मग रस्त्याच्या पोटात काय आहे ते, मग पाणी. हे तीन सोडून नुसता रुंद केलेला रस्ता दोन पावसाळ्यात रुंद खड्डा होतो.

तर विमानाचं तिकीट काढायच्या आधी एक काम करा, एका रात्री घोडबंदर रोडने गायमुख घाटात जा. सुरक्षित जागी, रस्त्याच्या बाहेर उभे रहा प्लीज, तिथे गाड्या कशा येतात माहितीये. चढावर लोडेड ट्रेलर पहिल्या-दुसऱ्या गिअरला कसा रडत जातो ते अर्धा तास नुसतं बघा, आणि मग चढणाऱ्या लेनचं डांबर आणि समोरच्या लेनचं डांबर यातला फरक बघा. डांबर हे थोडं घन थोडं द्रव असं प्रकरण आहे, गाडी झपकन गेली तर ते सहन करतं, तेच वजन सावकाश सरकत गेलं की दबतं, पुढे ढकललं जातं, लाटा येतात. पुस्तकातली दोन प्रकरणं वाचून जे डोक्यात शिरत नाही ते तिथे अर्ध्या तासात शिरतं.

कोळशाच्या रस्त्यावर हा फरक दसपट दिसतो कारण तिथे एका दिशेने सगळ्या गाड्या भरलेल्या आणि दुसऱ्या दिशेने सगळ्या रिकाम्या. खाणीकडून रेल्वे सायडिंगकडे (मालगाडीत माल भरतात ती जागा) किंवा सिमेंट प्लांटकडे जाणारी लेन नांगरल्यासारखी आणि परत येणारी गुळगुळीत. त्यामुळे साइटवर पोचल्यावर पहिला प्रश्न चहावाल्याला विचारायचा, भरलेल्या गाड्या कुठून कुठे जातात आणि किती वाजता. चहावाला जे सांगेल ते तुमच्या सात दिवसांच्या ट्रॅफिक काउंटपेक्षा खरं असतं, कारण काउंट करणारी पोरं रात्री दोन वाजता झोपलेली असतात आणि गाड्या नेमक्या तेव्हाच सुटतात.

आता वजन. यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण सगळ्यात महागडी चूक इथे होते.

रस्त्याचं नुकसान एक्सलच्या, म्हणजे चाकं बसवलेल्या आसाच्या, वजनाच्या साधारण चौथ्या घाताने वाढतं. हे १९५८ ते १९६० मध्ये अमेरिकेत इलिनॉयला मुद्दाम रस्ते बांधून, त्यावर ट्रक फिरवून काढलेलं गणित आहे आणि आपलं डिझाइन अजून त्याच्याच जिवावर चालतं. आपला प्रमाण एक्सल, म्हणजे नुकसान मोजायचं माप, ८० किलोन्यूटनचा, म्हणजे सव्वाआठ टनाच्या जरा आत. २०१८ मध्ये केंद्राने एक्सल लोडची मर्यादा वाढवली, चार टायरच्या सिंगल एक्सलला साडेअकरा टन. म्हणजे पूर्ण कायदेशीर भरलेला असा एक एक्सल एका फेरीत प्रमाण एक्सलच्या जवळपास ४ पट नुकसान करतो. आता तोच ओव्हरलोड करून १६ टनावर न्या, नुकसान जवळपास १५ पट. वजन दीडपटही वाढलं नाही आणि रस्त्याचं मरण पावणेचार पटीने जवळ आलं. आणि डोंगरात ओव्हरलोड होत नाही असं ज्याला वाटतं त्याने कोळशाच्या गाडीला वरून बांधलेली फळी कधी पाहिलेली नाही.

आता खरा सापळा ऐका. आयआरसी:३७ मध्ये, म्हणजे डांबरी रस्त्याच्या डिझाइनच्या आपल्या कोडमध्ये, एक्सल लोड सर्व्हे केलेला नसेल तर वापरायला तयार आकडे दिलेत, व्हीडीएफचे, एक सरासरी गाडी किती प्रमाण एक्सलएवढं नुकसान करते त्याचे. २०१८ च्या आवृत्तीत दिवसाला १५० ते १५०० कमर्शियल गाड्या असतील तर सपाटीला ३.९ आणि डोंगराळ भागाला १.७. डोंगराचा आकडा निम्म्याहून कमी! का, तर साधारण डोंगरात गाड्या हलक्या भरतात, किराणा, भाजी, सिमेंटच्या चार गोण्या. बरोबरच आहे ते, माळशेजला बरोबर असेल. पण कोळशाच्या डोंगरात ते सपशेल चूक आहे आणि ऑफिसात बसलेला माणूस "टेरेन: हिली" असं टिक करून १.७ घेऊन मोकळा होतो. मी एका रिपोर्टमध्ये हे केलेलं आहे. सर्व्हेचे पैसे क्लायंटने कापले होते हे कारण आहे पण ते कारणच आहे. रस्ता पंधरा वर्षांचा डिझाइन केला होता, तिसऱ्या वर्षी साइटवरून फोटो आला त्यात चाकोरी एवढी खोल की त्यात बदक पोहत होतं. खरंच बदक.

म्हणून तोलायचंच. दिवसाला ३००० पेक्षा कमी कमर्शियल गाड्या असतील तर त्यातल्या किमान २० टक्के तोला असं कोड म्हणतो, आणि दोन्ही दिशा वेगळ्या वेगळ्या तोला, सरासरी काढून मोकळे होऊ नका, भरलेल्या दिशेचा आकडा तुमच्या डिझाइनचा आकडा. पोर्टेबल वजनकाटा लावला की बातमी पाच मिनिटात डोंगरभर पसरते आणि गाड्या ढाब्यावर थांबून राहतात, तेव्हा काटा सरळ दिसणाऱ्या रस्त्यावर मांडू नका, वळणानंतरच्या सपाट तुकड्यावर मांडा आणि पोलीस बरोबर घ्या. शिवाय सायडिंगवरच्या काट्याच्या पावत्या मागा, माल विकणारा कधीच कमी वजन लिहू देत नाही आणि विकत घेणारा जास्तीचे पैसे देत नाही, त्यामुळे तो आकडा बऱ्यापैकी खरा असतो. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियाने २००३ मध्ये कायदाच केला, ठराविक रस्त्यांवर परमिट घेऊन १,२०,००० पौंडांपर्यंत म्हणजे ५४ टनांपर्यंत कोळशाच्या गाड्या चालतील पण वजनाची माहिती सरकारला कळवायची. चांगलं की वाईट ते सोडा, निदान रस्ता बांधणाऱ्याला खरं वजन माहीत तरी असतं.

पुढचं, पोट. आपण ठाणेकर काळ्या पाषाणावर वाढलेली माणसं, पारसिकच्या डोंगरात खोदलं की दगडच लागणार याची खात्री असते. कोळशाच्या डोंगरात ती खात्री घरी ठेवून जा. मेघालयातल्या जैंतिया हिल्समध्ये वर्षानुवर्षं उंदराच्या बिळासारख्या खाणी खणल्या गेल्या, माणूस रांगतच आत जाऊ शकेल एवढ्या, राष्ट्रीय हरित लवादाने एप्रिल २०१४ मध्ये बंदी घातली तरी आधीची बिळं कुठे जाणार, ती आहेतच, आणि त्यांचा नकाशा कोणाकडे नाही. २०१८ च्या डिसेंबरमध्ये तिथल्याच क्सानला अशाच खाणीत पाणी घुसून १५ जण अडकले तेव्हा शोधकार्यात सगळ्यात मोठी अडचण तीच होती, आत काय कुठे जातं हेच माहीत नाही. आणि हे फक्त आपल्याकडे असं नाही, अमेरिकेत ओहायोमध्ये १९९५ ला आय-७० सारखा मोठा हायवे जुन्या बंद खाणीमुळे खचला होता.

मग करायचं काय. गावातल्या साठीच्या पुढच्या माणसांना घेऊन अलाइनमेंट, म्हणजे रस्त्याची आखलेली रेषा, चालत जा, गाडीतून नाही. कुठे बिळ होतं, कुठे विहिरीचं पाणी एका रात्रीत गेलं, कुठल्या घराच्या भिंतीला तडा आहे, हे सगळं जीपीएसवर टिपा. रस्त्यावर गोलाकार भेगा, एका बाजूला कललेले विजेचे खांब, कारण नसताना पाणी साचणारी बशीसारखी जागा, या खुणा. संशय आला तिथे आधी रेझिस्टिव्हिटी सर्व्हे (जमिनीत वीज सोडून पोकळी हुडकायची पद्धत) आणि मग बोअर, नुसते बोअर घेतले तर दोन बोअरच्या मध्ये बिळ सुटतं. पोकळी उथळ असेल तर उघडून भरा, खोल असेल तर ग्राउटिंग (सिमेंटचं पातळ मिश्रण दाबाने आत भरणं), आणि फारच पसरलेली असेल तर जिओग्रिडच्या, म्हणजे मातीत घालायच्या जाळीच्या, भानगडीत न पडता रस्ताच हलवता येतो का ते बघा. स्वतः बिळात शिरून बघू नका, आत हवा नसते, एवढं एक वाक्य तरी पाठ करा.

सरकारी किंवा कंपनीची चालू खाण असेल तर सार्वजनिक रस्त्यापासून ४५ मीटरच्या आत परवानगीशिवाय खोदकाम करता येत नाही, तो नियम आहे. पण तुम्ही रस्ता रुंद करून किंवा वळण सरळ करून खाणीकडे सरकलात तर हे ४५ मीटर पण सरकतात आणि खाणवाला तुमच्यावर पत्र टाकतो, म्हणून त्यांचा अद्ययावत खाणप्लॅन पहिल्या महिन्यातच मागून घ्या.

झारखंडकडे असाल तर आग पण बघा. झरियाला जमिनीखाली १९१६ पासून आग आहे. पावसाच्या सकाळी जिथून वाफ निघते आणि जिथे गवत उगवत नाही तिथे थर्मल कॅमेरा लावल्याशिवाय खुंटी ठोकू नका. आणि खाणीतून निघालेली माती-दगड फुकट मिळते म्हणून ती भरावाला वापरायचा मोह होतो, त्यात कोळशाचा चुरा असेल तर ती आतून तापते आणि पेटू शकते. टेस्ट करून, पातळ थरात दाबून, बाजूने चांगल्या मातीने बंद करून मगच वापरा.

पाणी. खरं तर डोंगरातला रस्ता म्हणजे पाण्याची व्यवस्था आणि वरून थोडं डांबर, असं आमचे एक जुने डेप्युटी इंजिनिअर म्हणायचे. वरच्या उतारावर कॅचवॉटर ड्रेन, म्हणजे डोंगरावरून येणारं पाणी कटिंगच्या डोक्यावरच अडवून बाजूला न्यायचं, खाली रस्त्याच्या डोंगराकडच्या बाजूला पक्कं गटार, मग मोऱ्या, म्हणजे रस्त्याखालून पाणी पलीकडे काढायची वाट. मोरीचं पाणी खालच्या बाजूला कुठे पडतं ते उतरून बघा, नुसतं पाइपाचं तोंड बघून परत येऊ नका, खाली कोणाचं तरी शेत, नाहीतर तुमच्याच रस्त्याचं पुढचं वळण असतं. ब्रेस्ट वॉलला, रिटेनिंग वॉलला (डोंगर आणि भराव धरून ठेवणाऱ्या भिंती) वीप होल, म्हणजे मागचं पाणी बाहेर यायला भोकं, ठेवलेत का आणि त्यातून पाणी खरंच येतं का, पावसात बघा. कोरडं वीप होल म्हणजे भिंतीमागे पाणी तुंबलंय. मुंब्रा बायपासवर पावसाळ्यात ज्यांनी गाडी चालवलीये त्यांना भिंतीतून येणारं पाणी बघून जरा बरं वाटेल आता, येऊ दे ते.

पण कोळशाच्या डोंगरातलं पाणी आपल्या पाण्यासारखं नसतं, हे मला पहिल्या साइटवर कळलं नव्हतं. कोळशाबरोबर गंधक असतं, पायराइट, त्याला हवा-पाणी लागलं की सल्फ्युरिक अ‍ॅसिड तयार होतं. ओढ्याचे दगड केशरी-तांबडे दिसले, पाण्यात मासा-बेडूक काही नाही, की समजा. जैंतियातली लुखा नदी हिवाळ्यात चक्क निळी होते, फोटोत सुंदर दिसते, पाणी मेलेलं असतं. अशा पाण्यात आरसीसी पाइपाची मोरी हळूहळू खाल्ली जाते, गॅबियनची (दगड भरलेल्या जाळीच्या पेट्यांची) तार तर दोन-तीन वर्षांत गळून दगड मोकळे. म्हणून प्रत्येक नाल्यावर पीएच पेपर लावा, शंभर रुपयाची वस्तू आहे, इथूनच घेऊन जा. पीएच ४-५ च्या खाली असेल तर एचडीपीई, म्हणजे जाड प्लास्टिकचा, पाइप, पीव्हीसी कोटिंगची गॅबियन तार, काँक्रीटमध्ये पाणी कमी आणि स्लॅग किंवा फ्लायअ‍ॅशचं सिमेंट, वरून कोटिंग. सल्फेट रेझिस्टिंग सिमेंट घेतलं म्हणजे झालं असं समजू नका, ते सल्फेटला चालतं, अ‍ॅसिडला कुठलंच सिमेंट पुरत नाही. अजून एक, कोळशाच्या भुकटीने गटारं भरतात आणि ती ओली झाली की सिमेंटसारखी बसते, म्हणून गटार अरुंद आणि खोल करू नका, फावडं आत फिरेल एवढं रुंद करा.

दरडीचं फार सांगत नाही, ते प्रत्येक डोंगराचं वेगळं. सोनापूरला, मेघालयातून सिलचरकडे जाणाऱ्या हायवेवर, दरड इतकी यायची की शेवटी रस्त्यावर बोगद्यासारखं काँक्रीटचं छप्पर घातलं आणि दरड वरून जाऊ दिली. कधीकधी डोंगराशी भांडण्यापेक्षा हे स्वस्त पडतं.

आता कुठे रुंदीवर येऊ. सगळा रस्ता रुंद करायचे पैसे नसतात आणि असले तरी एवढा डोंगर कापला की दरडी वाढतात. जिथे भरलेल्या गाड्या चढतात तिथे तिसरी, चढाची लेन द्या, बाकी दोन पदरीच चालेल. ३००० मीटरच्या खालच्या तीव्र डोंगरात चढ ६ टक्क्यांपर्यंत ठेवा, अगदीच नाइलाज तिथे ८, पण ८ टक्क्यांचा लांबलचक तुकडा भरलेल्या गाडीला मारतो, चढताना क्लच आणि उतरताना ब्रेक. हेअरपिनला, म्हणजे डोंगरातल्या उलट फिरणाऱ्या वळणाला, आतली त्रिज्या किमान १४ मीटर, वळणावर चढ अडीच टक्क्यांच्या आत, आणि दोन हेअरपिनमध्ये ६० मीटर सरळ तुकडा. हे कोडमधलं झालं, माझं स्वतःचं म्हणाल तर तिथला सगळ्यात लांब ट्रेलर भाड्याने आणून एकदा त्या वळणावर फिरवून बघा, मागची चाकं कुठे चढतात ते चुन्याने मारा, त्या चुन्याच्या रेषेपर्यंत रुंदी द्या. सॉफ्टवेअरच्या टर्निंग टेम्प्लेटमध्ये ड्रायव्हर कायम शुद्धीत असतो.

भरलेल्या गाड्या उतरत असतील तर गोष्ट जास्त गंभीर. रांचीहून रामगढला उतरणारा चुटूपालू घाट ब्रेक फेल होण्यासाठी बदनाम आहे. अशा उताराच्या आधी सपाट जागेवर ब्रेक तपासायला थांबा द्या, आणि उताराच्या खालच्या अर्ध्यात एस्केप रॅम्प, म्हणजे ब्रेक गेलेली गाडी घालून थांबवायची बाजूची वाट, सुट्ट्या गोल गोट्यांचा बेड, किमान मीटरभर खोल, चढता असेल तर उत्तम. गोटे गोलच हवेत, तुटकी खडी दाबून घट्ट बसते आणि गाडी वरून तरंगत निघून जाते. आणि रॅम्पच्या तोंडाशी पहिल्या आठवड्यात कोणीतरी पान-टपरी टाकणार, ते आधीच धरून चाला.

डांबराचं थोडक्यात, व्हीजी-४० हे कडक डांबर घ्या, थंडी फार असेल तर लॅबला विचारा. वजनकाटा, चेकगेट, हेअरपिन आणि ट्रक रांगेत उभे राहतात त्या जागा सरळ काँक्रीट करा, कारण तिथे डिझेल-ऑइल सांडतं आणि डांबर विरघळतं.

रस्ता गावातून जातो हे रिपोर्टमध्ये "बिल्ट-अप सेक्शन" अशा दोन शब्दात येतं. तिथे राहणाऱ्याच्या दृष्टीने तो हायवे नाही, अंगण आहे. मुलं तिथून शाळेत जातात, आठवडी बाजार साइडपट्टीवर बसतो, कपडे वाळत घातले की संध्याकाळी काळे. बाजाराच्या दिवशी जाऊन बघा, बाजाराला पर्यायी जागा दिल्याशिवाय साइडपट्टी पक्की केलीत तर तो बाजार एक फूट पुढे डांबरावर येतो. गटारावर झाकणं घालून चालायला फूटपाथ करा, शाळेपाशी उंच क्रॉसिंग, गाड्यांवर ताडपत्रीची सक्ती, आणि पाणी मारायचा टँकर कामाच्या बिलात वेगळा आयटम म्हणून टाका नाहीतर कंत्राटदार ढगाकडे बोट दाखवतो. मेघालयात जमीन बहुतेक घराण्याची, समाजाची असते, सातबारा शोधत बसू नका, गावच्या दरबारात, म्हणजे गावसभेत, जा, तिथे ज्येष्ठांपुढे नम्रपणे बसा आणि पहिल्या भेटीत नकाशा काढू नका.

पैशाचं विचारतात सगळे. २०१५ पासून खाणीच्या रॉयल्टीवरचा एक हिस्सा जिल्हा खनिज प्रतिष्ठानकडे जातो, खाणबाधित भागातले रस्ते-पूल त्यात बसतात, जिल्हाधिकाऱ्यांकडे विचारा. अमेरिकेने अ‍ॅपलेशियन डोंगरातल्या गरीब जिल्ह्यांसाठी १९६५ मध्ये वेगळं हायवेचं जाळंच मंजूर केलं, अजून सगळं पूर्ण नाही. व्हर्जिनियात कोलफील्ड्स एक्सप्रेसवेला तर अशी शक्कल काढली की कोळसा कंपनी आपला कोळसा काढता काढता रस्त्याचा कच्चा बेड करून देईल. ऐकायला भारी, पण कोळशाचा भाव पडला की बेड पण थांबतो, तेव्हा अशा करारात तारखा कोळशाला नाही, रस्त्याला बांधा.

शेवटचं, चालू ट्रॅफिकमध्ये काम. २०१८ मध्ये मुंब्रा बायपास दुरुस्तीला बंद केला तेव्हा ऐरोली, कोपरी, शिळफाटा, सगळ्यांनी काय भोगलं ते आठवा, आणि आपल्याकडे तरी दुसरे रस्ते होते. डोंगरात दुसरा रस्ताच नसतो. अर्धी रुंदी अर्ध्या किलोमीटरच्या तुकड्याने करा, दोन्ही टोकांना वॉकीटॉकीवाले, अँब्युलन्स आली की कुठल्याही वेळी सोडायची हे लिहून द्या. नोव्हेंबर ते मार्च एवढाच सीझन, त्यातला डिसेंबरचा शेवट मेघालयात ख्रिसमसमध्ये जातो, मजूर मिळत नाहीत, बार चार्टमध्ये, म्हणजे कामाच्या वेळापत्रकात, ते दोन आठवडे आधीच कोरे सोडा.

बॅगेत पीएच पेपर, चुन्याची पुडी, चांगली टॉर्च, दोन जोड बूट, आणि गायमुखला काढलेले फोटो. ते फोटो तिथल्या जेईला, म्हणजे ज्युनियर इंजिनिअरला, दाखवा, तो हसेल, मग त्याच्या मोबाइलमधले काढून दाखवेल. त्यातले पावसाळ्यातले तेवढे मागून घ्या.